अंगठ्याखालचा आकडा

देवनहळ्ळीच्या बसमध्ये शेजारी एक मास्तर वह्या तपासत होते. फोनवर निपाणीच्या घरच्यांशी मराठीत बोलले, म्हणून कळलं की तिकडचे. प्रत्येक मुलाने मनाने दोन रेषांची समीकरणं लिहून त्या समांतर की छेदणाऱ्या, ते सांगायचं होतं. मास्तर शेवटचा आकडा अंगठ्याने झाकत आणि x चा आकडा बघत. दोन्हीकडे तोच असला की समांतर, नसला की छेदणाऱ्या. काम झरझर चाललं होतं.

एका मुलीने y = 2x + 3 आणि 2y = 4x + 10 लिहून खाली समांतरची खूण केली होती. मास्तरांनी फुली मारली.

मला राहवलं नाही. "सर, दुसऱ्याला दोनाने भागलं तर?"

त्यांनी अंगठा उचलला. "y = 2x + 5. म्हणजे समांतरच. आधी y एकटा करायचा, हे मीच रोज सांगतो की."

मग तपासून झालेल्या सगळ्या वह्या त्यांनी पहिलीपासून पुन्हा उघडल्या. त्यांचा स्टॉप आला, गेला. शेवटी त्या फुलीशेजारी त्यांनी कन्नडमध्ये काहीतरी लिहिलं. मला वाचता येईना, म्हणून विचारलं.

"चूक माझी, असं लिहिलंय," ते म्हणाले, आणि खाली सही केली.