साहेबांच्या घरी जिमलेट

बटालियन तेव्हा काश्मीरमध्ये होती. मी मेस हवालदार, ऑफिसरांचं खाणंपिणं माझ्याकडे. माझं घर घोडपदेवला, कॅप्टन नेव्हिल साहेबांचं गिरगावात. दोघंच असलो की आम्ही मराठीत बोलायचो.

जिमलेट हे कॉकटेल मला त्यांनी शिकवलं. साठ मिली जिन, वीस मिली ताज्या लिंबाचा रस, वीस मिली साखरेचा पाक. भरपूर बर्फ. शेकर पंधरा सेकंद जोरात हलवायचा, मग गाळून ग्लासात. "शिंदे, लिंबू पार शेवटपर्यंत पिळू नकोस. कडवट होतं." सुट्टीत घरी पपांना आपल्या हातचं जिमलेट पाजायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. सुट्टीला पाच दिवस बाकी होते.

सकाळी सातला ते तुकडी घेऊन गस्तीवर निघाले. नऊ वीसला वायरलेस सेटवर आवाज आला.

"माइन ब्लास्ट. कॅज्युअल्टी एक. ओव्हर."

"नाव सांग. ओव्हर."

"कॅप्टन साहेब. ओव्हर."

धुक्यामुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. स्ट्रेचर पार्टीत एक माणूस कमी होता, म्हणून मी गेलो. उतार निसरडा होता. रस्त्यापर्यंत पोचायला अकरा वाजले. साहेब त्याच्या दहा मिनिटं आधी गेले.

घरी मात्र कळवलं गेलं की ते जागीच गेले. कळवणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण मला खरं माहीत होतं. पेन्शनवर आल्यावर सहा वर्षं मी गिरगावात पाऊल टाकलं नाही.

यंदा एका रविवारी दुपारी एक वाजता गेलो. पिशवीत जिन, लिंबं आणि बाटलीत पाक. दार पपांनीच उघडलं. वय ऐंशीच्या पुढे. मी कोण ते सांगितलं, कशाला आलो तेही. ते मला स्वयंपाकघरात घेऊन गेले. शेकर नव्हता. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बर्फ घालून हलवलं. डबा हातात धरवेना, तेव्हा थांबलो. दोन ग्लास भरले.

त्यांनी एक घोट घेतला. "चांगलं झालंय." मग विचारलं, "तू होतास तिथं?"

"हो, अंकल."

"जागीच गेला ना तो?"

खोटं बोलणं सोपं होतं.

"नाही. दीड तास होते."

त्यांनी ग्लास खाली ठेवला. "दुखत होतं?"

"हो. इंजेक्शन दिलं होतं. शुद्धीवर होते."

"काय बोलला?"

"स्ट्रेचर मागून धरलेल्या जवानाचा पाय घसरत होता. त्याला म्हणाले, सावकाश चल, घाई नको."

मला वाटलं, आता जा म्हणतील. पपांनी खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"सकाळपासून सांग. काय खाऊन निघाला होता?"

ते माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

"दोन पराठे, एक आम्लेट," मी म्हणालो. "आणि चहा दोनदा मागून घेतला."