सागवानी नंदीचा बोजारा

माझ्या दूरदेशीच्या नातवंडांनो,

मागच्या दिवाळीत तुम्ही दाराजवळचा लाकडी नंदी सामानात टाकून न्यायला निघालात. बॅग काट्यावर ठेवली आणि तुम्ही एकमेकांकडे बघत राहिलात. मग कपडे काढले, पापड काढले, शेवटी नंदीच काढला आणि वैतागून मला विचारलंत, की मुलांचं खेळणं इतकं जड कोण करतं? तेव्हा गाडी दारात उभी होती, मी नुसती हसले. या दिवाळीला तुम्ही पुन्हा येताय, आणि मोठी बॅग आणणार आहात असं कळलं. म्हणून आताच लिहायला बसले. नंदी न्या किंवा नेऊ नका, पण तो जड का आहे आणि त्या जडपणाचा मला काय उपयोग झाला, हे आधी कळलेलं बरं. क्रमाने सांगते.

गोष्ट आलापल्लीची, एकोणीसशे पन्नासच्या दशकातली. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता, सगळा मुलूख चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यातच. माझे बाबा लाकडाच्या डेपोत नोकरीला होते. डेपो म्हणजे तोडलेल्या सागवानाच्या लठ्ठ्यांचं गावच. आमची खाट सागवानी, पाट सागवानी, कपडे धुवायचं धोपटणंसुद्धा सागवानी. बाकी झाडांना बाबा लाकूड म्हणतच नसत, सरपण म्हणत.

त्यांच्याकडे एक अद्भुत वस्तू होती. देश सोडून जाणाऱ्या एका साहेबाने ती त्यांना देऊन टाकली होती. दोन भिंगं बसवलेलं यंत्र, त्याला पुढे एक दांडी. दांडीवर जोडचित्राचं, म्हणजे एकच दृश्य शेजारी शेजारी दोनदा छापलेलं, कार्ड लावायचं आणि भिंगांना डोळे लावायचे. क्षणभर सगळं धूसर, आणि मग एकदम चित्राला खोली यायची. आपण जणू तिथेच उभे आहोत! नायगरा अंगावर कोसळतोय, पिरॅमिडच्या पायथ्याशी उंट बसलाय, व्हेनिसमध्ये घराच्या पायरीला नाव बांधलीय, फुजी पर्वताच्या टोकावर बर्फ आहे. जंगलात राहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीचं त्या भिंगांमागे काय होत असेल, ते तुम्हाला सांगून कळणार नाही. तुम्ही विमानाच्या खिडकीशी बसूनही झोपून राहता.

माझी आजी, म्हणजे बाबांची आई, त्या यंत्राला 'डब्बा' म्हणायची आणि आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वेळ बघत बसायची. पिरॅमिड पाहून तिने ठरवलं, की हे धानाचे पुंजणे आहेत. आपल्याकडेही कापणीनंतर शेतात धान असंच रचतात. व्हेनिस पाहून म्हणाली, यात नवल ते काय, आपल्या इथी दरसाल रस्त्याचं असंच होते. नायगरा मात्र तिने खूप वेळ पाहिला. मग कार्ड उलटं करून मागे पाहिलं आणि बाबांना विचारलं, "अन् महादेवाचं देऊळ कुठी हाय इथचं?"

बाबा म्हणाले, तिथे देऊळ नाही. आजीला ते पटलं नाही. एवढं पाणी पडतं आणि जवळ महादेव नाही, असं होऊच शकत नाही. फोटो काढणारा चुकीच्या बाजूला उभा असणार.

घरात शब्द चालायचा तो आजीचाच, आणि तिथेच माझं अडलं होतं. आलापल्लीची शाळा चौथीपर्यंत. मी चौथी पास झाले होते. डोंग्याने, म्हणजे होडीने, नदी ओलांडून गेलं की पुढे चांदा, आणि तिथे मावशी होती. ती मला ठेवून घ्यायला तयार होती, आणि तिथल्या शाळेच्या बाईंनी गणपतीपर्यंत जागा राखून ठेवते असा निरोप दिला होता. बाबांना हवं होतं, आईला हवं होतं. आजीला नको होतं. तिचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "पोरगी एकदा नदीपल्याड गेली, का सणाले दिसत नाई."

बाबा आईसमोर पुष्कळ बोलायचे. आजीसमोर गेले की डेपोतलं काहीतरी काम त्यांना आठवायचं.

आषाढ गेला, श्रावण संपत आला. पिठोरी अमावस्येला पोळा, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा मुलांचा तान्हा पोळा. तुम्ही तो पाहिलेला नाही, म्हणून सांगते. खऱ्या बैलांचा पोळा झाला, की मुलं आपले चाकांचे लाकडी नंदी सजवून मारुतीच्या देवळासमोर तोरणाखाली रांगेत उभे करतात. पूजा होते, तोरण तुटतं, आणि मग प्रत्येक जण आपला नंदी ओढत घरोघर फिरतो. घरची बाई नंदीला ओवाळते आणि नंदीवाल्याला काहीतरी देते. पैसा, करंजी, मूठभर चणे, जे असेल ते. त्याला बोजारा म्हणतात. आमची आजी या बाबतीत फार कडक. दारात आलेला नंदी रिकामा जाता कामा नये. एका वर्षी शेजारच्या काकूंनी मुलांना 'उद्या या' म्हणून परत पाठवलं, तर आजीने भर अंगणात त्यांना सुनावलं होतं आणि पुढे महिनाभर त्यांच्याशी अबोला धरला होता.

त्या वर्षी मला पहिल्यांदा स्वतःचा नंदी मिळणार होता. आता चूक कशी झाली ते ऐका. सगळीकडे नंदी करतात हलक्या लाकडाचा, मुलांना ओढता यावा म्हणून. पण आमच्या घरी हलकं लाकूड आणायचं कसं? बाबांनी सागवानाच्या गाभ्याचा तुकडा निवडला. डेपोतला सुतारही त्याच पंथाचा. त्याने तर चाकंसुद्धा सागवानी केली. दोघं मिळून चार संध्याकाळी नंदीच्या वशिंडावर हात फिरवत उभे राहिले. हा शंभर वर्षं टिकेल, असं एकमेकांना सांगत होते. तो ओढायचा कुणी, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मी तोवर झूल रंगवत होते. बैलाच्या पाठीवर घालतात ती झूल. बाबांच्या जुन्या धोतराचा तुकडा घेतला. नायगरा कपड्यांच्या निळीने काढला, पिरॅमिड हळदीने, व्हेनिसची नाव शिंगांना लावायच्या तांबड्या हिंगुळाने. फुजी काजळाचा, वर चुन्याचा बर्फ. उरलेला हिंगूळ शिंगांना. सगळी दुनिया माझ्या बैलाच्या पाठीवर आली होती!

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मी दोरी ओढली. नंदी हलला नाही.

शेवटी माझी मैत्रीण मदतीला आली. ती डेपोच्या गाडीवानाची मुलगी, पलीकडच्या गोंड टोल्यावर, म्हणजे गोंडांच्या वस्तीत राहायची. मी पुढून ओढायचं आणि तिने मागून लोटायचं. चिखलात चाकं रुतायची. तोरणापाशी पोचेपर्यंत सगळी पोरं ताटकळली होती. "नंदी ओढाले हेले लावा ना," एक जण म्हणाला. हेले म्हणजे डेपोत लठ्ठे ओढणारे रेडे. सगळे हसले. मैत्रिणीने त्याला सांगितलं, की हेल्याची जागा रिकामी आहे, तू ये.

पण घरोघर फिरायला लागलो आणि पारडं फिरलं. बाकीच्या नंदींना बाया ओवाळून मोकळ्या व्हायच्या, आमचा नंदी दारात आला की बघायला सगळं घर बाहेर. हे निळं काय? हे पिवळं काय? मी सांगत सुटले. नायगरा एवढा मोठा, की शेजारी उभं राहून बोललेलं ऐकू येत नाही. हे माझ्या मनचं होतं, पण पुढे खरं निघालं. व्हेनिसमध्ये बाजारालाही नावेतून जातात. फुजीच्या आत आग आहे आणि वर बर्फ. घर बदललं की माझा नायगरा थोडा उंच व्हायचा. एका दारात तर मी उंटालाही पोळ्यासारखं सजवतात असं ठोकून दिलं.

मैत्रिणीच्या टोल्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. तिच्या आईने मोहाचे लाडू दिले आणि झुलीसमोर उकिडवी बसली. तिने प्रत्येक चित्रावरून बोट फिरवलं आणि मला विचारलं, की हे सगळं पाहायला तू कधी जाणार.

मी काही बोलायच्या आत मैत्रीण म्हणाली, "हे तं चांद्याले बी नाई जाऊन राह्यली, नायगऱ्याले कुठून जाते?"

तिने ते सहज म्हटलं, लाडू खाता खाता. मी माझा लाडू तिच्या हातावर ठेवला. परतीच्या वाटेवर मी फक्त ओढत राहिले. गणपती तीन दिवसांवर होते.

आमचं घर शेवटचं. आजी उंबऱ्याच्या आत ताट घेऊन उभी होती. ओसरीला फळी लावून आम्ही नंदी वर चढवला, आणि नेमका दारात त्याच्या पुढच्या चाकाचा आस निघाला. नंदी उंबऱ्यावर पोट टेकून दारात आडवा बसला. आत आजी आणि बाबा, बाहेर मी, मैत्रीण आणि आमच्या मागे मागे झूल पाहायला आलेली आळी. नंदीला ओलांडायचं नसतं, त्यामुळे आतलं माणूस बाहेर येऊ शकेना आणि बाहेरचं आत.

आजीने शांतपणे ओवाळलं, नंदीला कुंकू लावलं, माझ्या हातावर करंजी आणि एक नाणं ठेवलं. मी दोन्ही परत ताटात ठेवलं.

"काऊन?" आजी म्हणाली. "काय पायजे तुह्या नंदीले?"

"चांदा," मी म्हणाले.

मागे कुणीतरी हसलं. आजीने माझ्याकडे पाहिलं, मग झुलीकडे. नंदी असला हट्ट करत नसतो, असं ती म्हणाली. मी दोरी सोडली नाही. उत्तर आलं ते शेजारच्या काकूंकडून, त्याच, ज्यांच्याशी आजीने महिनाभर अबोला धरला होता. त्या ओसरीच्या खांबाला टेकून मजेत उभ्या होत्या.

"बाई, नंदी रिकामा धाडता का? तुमीच तं आमाले शिकवलं."

आजीचा चेहरा लाल झाला. तिने वळून बाबांना सांगितलं, की आधी याला दारातून बाजूला कर. बाबा पुढे आले. आयुष्यभर लाकडात वावरलेला माणूस तो. त्यांनी नंदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात पाठीमागे बांधले.

"सागवान हाय, आई," ते म्हणाले. "हलत नाई."

बाबांनी आजीपुढे काही नाकारलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आजीनेही पाहिलं नसावं. ती त्यांच्याकडे बघत राहिली आणि हळूहळू तिच्या तोंडाचा ताण सुटला. ती खाली वाकली. निळीच्या नायगऱ्याजवळ तिने बोट ठेवलं, बाजूच्या कोऱ्या जागेत, जिथे देऊळ असायला हवं होतं.

"दरसाल तान्ह्या पोळ्याले तू या दारात पायजेस," ती मला म्हणाली. "पूर होता, डोंगा नोता, असलं काई सांगायचं नाई मले."

मी मान डोलावली. तिने ताटातली करंजी उचलून पुन्हा माझ्या हातावर ठेवली. "घे मंग. देल्ला बोजारा."

त्यानंतर बाबांनी तो न हलणारा नंदी एकट्याने उचलून आत नेला. आजी पदराआड हसली. आळीत त्या दिवशी आमच्या ओसरीवर जेवढा गलका झाला तेवढा तोरणाखालीही झाला नव्हता. मैत्रीण मला मिठी मारून नाचत होती आणि मधेच सांगत होती, की चांद्याहून तिला रिबीन आणायची, हिरवी.

गणपतीच्या आदल्या दिवशी मी चांद्याच्या शाळेत बसले. तिथे इंग्रजी शिकले, आणि पुढचं सगळं तिथून निघालं. आजीचा शब्द मी पाळला. एकदा मात्र नदीने खरंच वाट अडवली आणि मी दोन दिवस उशिरा पोचले. पाहते तर आमच्या दारावर एक तोरण तसंच बांधलेलं होतं आणि खाली नंदी उभा होता. गावाचा तान्हा पोळा होऊन गेला होता. आमच्या घरचा आजीने थांबवून ठेवला होता.

पुढे तुमच्या आईने मला नायगरा दाखवला. तुम्ही तेव्हा लहान होता. रेलिंगला धरून मी भिजत उभी राहिले. आवाज इतका, की तिचं बोलणं ऐकू येईना, आणि मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. मग मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. तुमच्या आईने कानाशी येऊन विचारलं, काय शोधतेस? मी सांगितलं, महादेवाचं देऊळ. फोटो काढणारा बरोबर बाजूलाच उभा होता, हे आजीला सांगायचं राहून गेलं.

आता काय उरलंय ते सांगते. भिंगांचं यंत्र कुठे गेलं कुणाला माहीत नाही. झुलीला वाळवी लागली. नंदी आहे. त्याचं पुढचं एक चाक नवं आहे, बाकी सगळं तेच सागवान, आणि शिंगांच्या खाचेत थोडा हिंगूळ अजून आहे. तान्ह्या पोळ्याला चंद्रपूरच्या आमच्या गल्लीत अजून मुलं नंदी घेऊन येतात, आणि या दारातून एकही नंदी रिकामा जात नाही.