दोन वर्षांची वॉरंटी

तांबरमचे तुकोजीराव रेल्वेत कारकुनी करून निवृत्त झालेले. घराणं मूळचं तंजावरचं. बाहेरचा सगळा व्यवहार तमिळमधून. मराठी फक्त बायकोशी, आणि लोकांना कळू नये अशा गोष्टींसाठी. भाजीवालीसमोर, दवाखान्याच्या रांगेत दोघं खुशाल मराठीत बोलत. मद्रासेत कोणास कळतं? जन्मभर हे खपून गेलं.

बायकोला, कृष्णवेणीबाईंना, सारखं पेरुंगुडीच्या इस्पितळात न्यावं लागे. रिक्षाचे दणके त्यांच्या हाडांना सोसवेनात, म्हणून जुनी का होईना, गाडी घ्यायचं ठरलं. डॉक्टरनं तुकोजींना एकट्याला बोलावून सांगितलं होतं, पोंगलच्या, म्हणजे संक्रांतीच्या, पुढचं विचारू नका. ते त्यांनी बायकोपासून दडवलं होतं.

जुन्या गाड्यांच्या दुकानातला विक्रेता आशिष तमिळमधून हात धुऊन मागं लागला होता. "सार, वॉरंटी दोन वर्षं वाढवून घ्याच. उद्या गिअरबॉक्स बसला तर मी नाही रडणार, तुम्ही रडाल."

"पोरगं तिखट आहे वो!" बाई नवऱ्याला म्हणाल्या, आणि सीटवर बसून बघायला बाहेर गाडीकडं गेल्या.

तेवढ्यात मेहुण्याचा, व्यासराजचा फोन आला. तुकोजींनी आवाज खाली केला नाही. कशाला करतील?

"दोन वर्षं कशास रे, व्यासा? गाडी तिच्यापायी घेतो आहे. डॉक्टर पोंगलपर्यंतच बोलला. मग मी कोणास बसवून फिरू? तीस सांगू नको मात्र."

आशिषचं पेन कागदावर तसंच थांबलं.

बाई आत आल्या. "सीट मऊ आहे," म्हणाल्या, आणि आशिषला तमिळमधून विचारलं, "वॉरंटीचं झालं का, तंबी?"

"नको आजी," तो पटकन मराठीत बोलून गेला. "राहू द्या. काही गरज नाही."

"अय्यो! मराठी तू?"

"मिरजेचा."

बाई हसल्या. मग हसू हळूहळू उतरलं. "मघा तर कानीकपाळी ओरडत होतास. आता नको कां?"

पोरगं कागद उगाच सारखे करत राहिलं. कान लाल. बाईंनी नवऱ्याकडं पाहिलं. फोन अजून त्यांच्या हातातच होता.

"व्यासाशी बोललात?"

"हं."

त्या खुर्चीत बसल्या. पदर मांडीवर नीट घेतला, पुन्हा घेतला. तुकोजी जमिनीकडं बघत होते.

"दोन वर्षांची लिही, बाळा," बाई शेवटी म्हणाल्या. "ह्यांस टायरातला वारा कमी झालेला उमगत नाही. माझ्यामागं कोण बघेल?"

"वेणी, नको ना..."

"सही करा वो."

तुकोजींनी सही केली. बाहेर आशिषनं रिवाजाप्रमाणे चारी चाकांखाली लिंबं ठेवली. तुकोजी स्टिअरिंगवर बसले. बाई शेजारी येऊन बसल्या, पट्टा लावला. इंजिन सुरू होतं. लिंबांवरून गाडी पुढं न्यायला तुकोजींचा पाय काही केल्या ब्रेकवरून उठेना.

"चला," बाई म्हणाल्या. "उन्हं चढतील."