उघडी खिडकी

माणूस गेला की खिडकी उघडायची, जिवाला बाहेर पडायला वाट द्यायची, ही चेक देशातल्या एका मोरावियन गावच्या दवाखान्यातली नर्सांची जुनी रीत. नियमात कुठे नाही, पण मोडलीही कुणी नाही. नर्स ड्राहोमीरा तर त्या रीतीत मुरलेली. उभी हयात त्याच वॉर्डात गेलेली.

त्या महिन्यात वॉर्डातले मृत्यू जरा जास्तच झाले, कुजबुज वाढली आणि पोलीस आले. त्यातच म्हातारे पेशंट कुबेश एके सकाळी अचानक गेले.

पोलिसांच्या कॅप्टन हावेल्कांनी ड्राहोमीराला व्हरांड्यातच विचारलं, "बाई, काही वेगळं दिसलं?"

चहाची गाडी थांबली होती, सपाता घातलेले पेशंट कप धरून उभे होते. ड्राहोमीरा बोलून गेली, "मी आत गेले तेव्हा कुबेशांचा श्वास अजून चालू होता, आणि खिडकी आधीच उघडी होती. ओताकार शेजारी उभा. माणूस जायच्या आधी खिडकी कोण उघडतं, साहेब?"

ओताकार वॉर्डबॉय. पेशंटना उचलणं, न्हाऊ घालणं, दाढ्या करणं त्याचं काम. त्याच व्हरांड्यातून पोलीस त्याला घेऊन गेले, तेव्हा त्याच्या हाताला साबणाचा फेस तसाच होता.

शवचिकित्सेत कुबेशांच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी निघाली. बाकीचे मृत्यूही आजारानेच झालेले. ओताकार सुटला. पण गावाला गुठळीचं काय? दारूच्या गुत्त्यात त्याच्या बाजूची खुर्ची रिकामी राहू लागली. एका बाईने तर आपल्या वडिलांना त्याच्या हातून आंघोळ नको म्हणून सांगितलं. ते ऐकून ड्राहोमीराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कपड्यांच्या खोलीत तिने त्याला गाठलं. तो चादरींच्या घड्या घालत होता.

"ओताकार, चुकलं रे माझं."

"म्हाताऱ्याला लिंडेनच्या फुलांचा वास घ्यायचा होता. झाड खालीच आहे. म्हणाला, उघड रे पोरा. मी उघडली."

"मला विचारायचं तरी सुचायला हवं होतं."

"विचारलंस की. कॅप्टनला."

तिच्याच्याने मान वर होईना.

"माफी इथे चादरींना ऐकवून काय उपयोग?" तो म्हणाला. "तेव्हा व्हरांड्यात तुझा आवाज चांगला खणखणीत होता."

चहाची वेळ झाली होती. पेशंट कप घेऊन जमले होते, ती वडिलांवाली बाईसुद्धा. ड्राहोमीरा गाडीजवळ उभी राहिली. गाडीवरचे चमचे ती उगाच सारखे करत राहिली. एक म्हातारा म्हणाला, "सिस्टर, साखर इकडे द्या की."

तिने साखर दिली. मग ओताकार चादरी घेऊन बाहेर आला, आणि ती म्हणाली, "जरा ऐका. ह्या माणसाबद्दल मी इथे उभी राहून बोलले होते. तो माझा संशय खोटा होता."

"काय म्हणाल्या?" मागून कुणाला तरी ऐकू आलं नाही.

तिला ते पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं.