जिन्यावर बसलेले बाबा

भुतंखेतं, आत्मे, भास... या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी केमिस्ट्री शिकलेली, जर्मनीत एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. मशीन जे रीडिंग दाखवतं ते खरं, एवढंच मला कळतं. तरी हे लिहितेय, कारण घरात कुणालाच पूर्ण सांगता आलेलं नाही.

माझे बाबा कोलशेतच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्यावर त्यांनी टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगमध्ये वन बीएचके घेतला आणि आई गेल्यानंतर तिथे एकटेच राहायचे. समोरच्या सावंतकाकूंचं लक्ष असायचं.

आम्ही जर्मनीत राहतो ते गाव लहान आहे. दुमजली बिल्डिंग, वर आम्ही, खाली फ्राउ केलर नावाच्या ऐंशीच्या पुढच्या बाई. इथे रविवारी कसलाही आवाज करायचा नाही, न कळवता कुणाकडे जायचं नाही, जिना पुसायची पाळीसुद्धा ठरलेली. माझे सासू-सासरे कल्याणहून आलेले, तेव्हा फ्राउ केलरनी लेटरबॉक्समध्ये चिठ्ठी टाकली. अगदी सभ्य भाषेत — रविवारी सकाळी कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात आणि बाल्कनीत फोनवर फार मोठ्याने बोललं जातं. मला इतकी लाज वाटली की आठवडाभर मी त्यांना जिन्यात टाळत होते.

त्यानंतर बाबा म्हणायला लागले, "मीपण एकदा येऊन जाईन म्हणतो. कशी राहतेस ते बघायचंय."

आता खरं सांगते. बाबांना मशीनच्या आवाजाने कमी ऐकू यायचं, त्यामुळे ते ओरडूनच बोलायचे. सकाळी घसा खाकरायचे तो आवाज खालच्या मजल्यापर्यंत जायचा. मला ती चिठ्ठी आठवायची. आधी मी थंडीचं कारण सांगितलं, मग इन्शुरन्सचं. शेवटी म्हटलं, "बाबा, मी इथून तुमच्या व्हिसाचा अर्ज केलेला. रिजेक्ट झाला."

मी अर्ज केलाच नव्हता.

ते म्हणाले, "असू दे गं. त्यांचे पण नियम असतील ना."

पुढे फेब्रुवारीतला एक रविवार. दुपारचे बारा वाजलेले, नवरा मुलीला घेऊन स्विमिंगला गेलेला. बेल वाजली. दारात फ्राउ केलर. त्या रविवारी कुणाची बेल वाजवतील हे शक्यच नव्हतं.

त्या म्हणाल्या, "खाली जिन्यावर एक वयस्कर गृहस्थ बसलेत. केव्हाचे. मी विचारलं तर लेटरबॉक्सवरच्या तुमच्या नावाकडे बोट दाखवलं. अंगात कोट नाही हो त्यांच्या. तुम्ही त्यांना आत का घेत नाही?"

मला वाटलं कुणीतरी चुकून आलं असेल. मी त्यांच्यासोबत खाली गेले. कुणीच नव्हतं. पायरीवर रिकामा ग्लास होता.

"मी पाणी दिलं त्यांना," त्या म्हणाल्या, "पण प्यायची पद्धत वेगळीच." आणि त्यांनी मान मागे टाकली, हात वर धरला आणि ग्लास ओठांना न लावता वरून पाणी ओतल्यासारखं करून दाखवलं. "उजव्या हाताची दोन बोटं नाहीत ना त्यांना? मला भीती वाटली, ग्लास पडेल म्हणून."

बाबांची ती बोटं मी चौथीत असताना मशीनमध्ये गेलेली. फ्राउ केलर आमच्या घरात कधी आल्या नव्हत्या, बाबांचा फोटो त्यांनी पाहायचा प्रश्नच नव्हता.

वर येऊन बाबांना फोन लावला. उचलला नाही. मग सावंतकाकूंना लावला. तिथे साडेचार वाजलेले. काकू म्हणाल्या, "अगं, झोपलेत ते. दार उघडंच आहे. थांब, उठवते."

बाबा फोनवर आले. आवाज जड.

"बरे आहात ना?"

"मला काय झालंय? डोळा लागलेला. पाय मात्र गार पडलेत." मग म्हणाले, "तुमच्याकडे जिना दगडी आहे का गं?"

मी त्यांना व्हिडिओ कॉलवर फक्त हॉल आणि किचन दाखवलेलं. जिना कधीच नाही.

"कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. असंच आलं मनात."

तेव्हाच सगळं बोलून टाकायला हवं होतं. बाबा, मी खोटं बोलले, या तुम्ही, एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मोजे घाला," आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी बाबा गेले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत. मी पोचेपर्यंत चुलतभावाने सगळं आटोपलेलं.

दहाव्यानंतर काकू माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुला सांगू की नको कळत नव्हतं. व्हिसाचं त्यांना माहीत होतं. माझ्या सुनेचे आईवडील मध्ये परदेशी जाऊन आले ना, त्यांना तुझ्या बाबांनी विचारलेलं. ते म्हणाले, स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात, त्याशिवाय अर्ज होतच नाही."

"कधी कळलं त्यांना?"

"दिवाळीत. मी म्हटलं, विचारा की पोरीला. तर म्हणाले, वहिनी, नको. तिची काहीतरी अडचण असेल."



परत आल्यावर नवऱ्याला जिन्याचं सांगितलं, काकूंचं नाही सांगितलं. तो म्हणाला, फ्राउ केलरचं वय झालंय, दुसरं कुणी असेल. असेल. पण बोटं? आणि बाबांना दगडी जिना कसा कळला? मी खूप डोकं लावलं, माझ्याकडे याचं उत्तर नाही. कुणाकडे असेल तर जरूर सांगा.

फ्राउ केलरना माझ्या नवऱ्याकडून बातमी कळली. त्या दुखवट्याचं, काळ्या किनारीचं कार्ड घेऊन वर आल्या. पहिल्यांदाच आत येऊन बसल्या. भिंतीवरच्या बाबांच्या फोटोकडे बघून, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "निदान एकदा तरी ते तुमच्याकडे येऊन गेले."

मी हो म्हटलं.