काकांचा मासा आणि माझे दात

आमच्या भूशास्त्र विभागातले शिपाई म्हणजे काका. दर सहलीला नव्या मुलांना ते एकच गोष्ट बजावायचे, "आधी आकडा, मग हातोडा." कड्यातून दगड काढायच्या आधी त्यावर थराचा नंबर लिहायचा. त्यांच्याकडून हे एकदाच चुकलं. बावीस वर्षांपूर्वी समुद्रकाठच्या शेलमध्ये, म्हणजे चिखलाच्या पापुद्र्या-पापुद्र्यांनी बनलेल्या खडकात, त्यांना अख्खा मासा सापडला. तेवढ्यात लाट आली. काका मासा छातीशी धरून पळाले आणि आकडा राहिला. विभागातल्या कपाटात त्या माशाच्या चिठ्ठीवर अजून लिहिलेलं होतं, 'थर: अज्ञात'.

महिनाअखेरीला काका निवृत्त होणार होते. "तेवढं भरल्याशिवाय माझा पाय निघायचा नाही," ते म्हणाले. ही त्यांची शेवटची सहल.

शेल ओळखायची त्यांची रीत दातांची. कण चावायचा. कचकचला तर वाळू, नाहीतर निव्वळ चिखल. पण आता त्यांना कवळी. म्हणून निघायच्या आधी त्यांनी माशाच्या दगडामागचा एक कण माझ्या तळहातावर ठेवला. "चाव, आणि विसरू नकोस."

लोण्यासारखा मऊ होता.

मासा सापडला त्याच कड्यात चौदा थर. भरती सुरू होणार, म्हणून खालून सुरुवात केली. पहिला कचकचला, दुसराही.

"काय गं, डबा नाही आणलास?" आमच्या मॅडमनी विचारलं. "आणि काका, चवीवर शोधनिबंध लिहिता येत नाही हं."

"तुम्ही लिहायचं बघा, आम्ही चावायचं बघतो."

"आम्ही कोण? चावतेय मी एकटीच!"

आठव्या थरापर्यंत माझ्या तोंडाचं वाळवंट झालं आणि पाणी बुटांना लागलं. नववा चावला, तर दातावरून दात नुसता घसरला.

"काका, हाच!"

"परत चाव."

"हाच हो!"

काकांनी आधी मेणखडूने नऊचा आकडा लिहिला, मग हातोडा उचलला. दोन लाद्या कोऱ्या निघाल्या. तिसरी वहीसारखी उघडली आणि आत शेपटी! कपाटातल्या माशाचे खवले अगदी असेच. मॅडम तशाच पाण्यात गुडघे टेकून बघत राहिल्या.

परतल्यावर त्यांनी स्वतःचं पेन काकांच्या हातात दिलं. काकांनी 'अज्ञात' खोडून 'नऊ' लिहिलं. 'कोणी ओळखला' या रकान्यात आपलं नाव घातलं आणि शेजारी बारीक अक्षरात लिहिलं, 'दात उसने'.