भोवतालच्या पेशी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बहिणीचं लग्न निर्विघ्न पार पडावं म्हणून वडिलांच्या प्रोस्टेटमधल्या कॅन्सरच्या गाठीचा रिपोर्ट मी दोन महिने कपाटात दडवला होता. ताज्या गुळाचा वास आला की पंचवीस वर्षांपूर्वीचा शाहूपुरीतला दवाखाना आठवतो, कारण लग्न उरकल्यावर त्यांना मी थेट गुऱ्हाळावरून तिथं नेलं होतं आणि त्यांच्या सदऱ्याला तोच वास होता. डॉक्टर म्हणाले, "गाठ एकटी वाढत नाही, काका. भोवतालच्या पेशीच तिला पोसतात, पसरायला वाट करून देतात." वडील हसले, "म्हंजे घरचीच फितूर की वो!" मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तू हाईस न्हवं संगट, मग मला कसलं भ्या?" वर्षभरात ते गेले. बहिणीला खरं सांगायचं अजून राहिलंय.